तिसऱ्या केमोआधीचं वजन

मी शिकवते, म्हणजे ओरडते. राजापेठेत माझे क्लासेस आहेत, अकरावी-बारावीचं बायोलॉजी. वीस वर्षं झाली. पोट्टे माझ्यामागे मला काय म्हणतात ते मला माहीत आहे, आणि ते काही खोटं नाही. घरातही माझं तेच. एखादी गोष्ट डोक्यात बसली की ती करूनच घेते, समोरच्याचं अर्धं ऐकते आणि उरलेलं स्वतःच बोलते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं ते याच स्वभावानं झालं.

बाबांना जठराचा कॅन्सर निघाला तेव्हा ते आणि आई तेल्हाऱ्याला होते. बाबांचं वय एकाहत्तर. सगळं आयुष्य तिथल्या एका जिनिंगमध्ये ग्रेडर म्हणून गेलेलं. कापसाची गाडी फाटकातून आत आली की बाबा पुढं व्हायचे, माल पाहायचे, आणि ते जो दर्जा सांगतील त्यावर भाव लागायचा. घरी मात्र त्यांचा आवाज नव्हता. बोलायचं काम आईचं आणि माझं.

निदान झालं आणि मी दोघांना सरळ अमरावतीला उचलून आणलं. धाकटा भाऊ अकोल्याला असतो. तो म्हणाला, "ताई, अकोला जवळ पडते, इथंच करू नं." मी म्हटलं, "तू कामावर, तुझी बायको कामावर, मग बाबांकडं पाहील कोण, भिंती?" माझ्यापुढं तो लहानपणापासून गप्पच होतो.

डॉक्टरांनी बेत सांगितला होता. आधी तीन केमो द्यायच्या, मग ऑपरेशन. पहिल्या दोन झाल्या तेवढ्यात बासष्ट किलोंचे बाबा सत्तेचाळीसवर आले. गळ्यातलं लॉकेट आधी छातीवर टेकायचं, ते आता छातीच्या खळग्यात रुतून बसायचं. दुसरी केमो झाल्यावर डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. म्हणाले, "तिसरी द्यायची तर वजन असं घसरून चालणार नाही. पंचेचाळीसच्या खाली गेले तर मी देणार नाही, त्यांना झेपणार नाही. आणि तिसरी नाही झाली तर ऑपरेशनचं बोलण्यात अर्थ नाही." मध्ये एकवीस दिवस होते. मी बाहेर आले, बाबांना म्हटलं, "काही नाही, खायला सांगितलंय."

तिथंच आहाराच्या मॅडमची खोली होती. लहानखुरी मुलगी, माझ्या क्लासला येऊन गेली असावी इतक्या वयाची. तिनं कागदावर काढून समजावलं. "या आजारात नुसती चरबी उतरत नाही मॅम, स्नायू झिजतात. शरीर स्वतःचाच स्नायू मोडून खातं. नुसत्या जेवणानं ते भरून निघत नाही, म्हणून ही प्रोटीनची पावडर. दिवसातून तीन वेळा."

"हो, मी बायोलॉजीच शिकवते," मी म्हटलं.

"मग तुम्हाला कळेलच. पावडर एकटी फार काही करत नाही. स्नायूला काम द्यावं लागतं. सकाळ-संध्याकाळ खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं, जमेल तितकं. दहा दिवसांनी मला आणून दाखवा. आणि नुसत्या वजनावर जाऊ नका हं. मांडी बघा, हाताची पकड बघा. वजन कधीकधी फसवतं."

मी कागद घेतला, पावडरचं नाव वाचलं आणि उठले. बाकीचं माझ्या कानावरून गेलं. डॉक्टरांनी मला एक आकडा दिला होता, पंचेचाळीस. तो माझ्या डोक्यात खिळ्यासारखा बसला होता.

खुर्चीचं तर मी घरी बोललेच नाही. आजारी माणसाला काय उठाबशा काढायला लावायच्या? आमच्याकडं आजारी माणूस म्हणजे पडलेला माणूस. तो उठला की चार जण चार बाजूंनी ओरडतात, "पडा, पडा, उठू नका!" आईचं तर विचारूच नका. बाबांनी पाण्यासाठी हात लांब केला तरी ती धावायची, "बसा नं तुमी, मी देतो." भेटायला येणारेही पहिलं हेच सांगायचे, की यांना आता बिलकूल हलू देऊ नका. बाबांना संडासला नेतानाही आम्ही दोघी दोन दंडांना धरून उचलल्यासारखं न्यायचो. हे प्रेम होतं, यात शंका नाही. पण त्या एकवीस दिवसांत बाबांच्या मांड्यांना आम्ही एक पैशाचं काम दिलं नाही.

पावडरचा पहिला ग्लास बाबांनी नाकाजवळ नेला आणि खाली ठेवला. "याचा वास बारदान्यासारखा येते."

"व्हॅनिला म्हणतात त्याला, बाबा."

"म्हणत असतीन."

पण ते प्यायचे. तोंड वाकडं करून, मध्ये दोनदा थांबून, पण प्यायचे. दुधात नको झालं की मी शिऱ्यात टाकायचे, शिरा नको झाला की ताकात. एकदा आईनं ज्वारीच्या कण्या केल्या होत्या, बाबांच्या आवडीच्या, वर कच्चं तेल घालून. मी त्यात दोन चमचे पावडर ढवळली. आई चवताळली. "काय व, अकलेचा काही पत्ता हाय का? कण्यात वनिला टाकते का कोणी?" मी म्हटलं, "चवीचं पाहू नको, वजनाचं पाहा." बाबांनी त्या कण्या निमूट संपवल्या आणि नंतर बाथरूममध्ये जाऊन ओकले. मी पुन्हा ग्लास भरला.

रविवारी भाऊ अकोल्याहून आला तो बादलीएवढा डबा काखेत मारून. जिममधल्या पोट्ट्यांची पावडर. डब्यावर तेल चोपडलेला एक उघडा माणूस, दंड फुगवून दात विचकणारा. बाबांनी डबा फिरवून फिरवून पाहिला. "याले काय झालं?" ते म्हणाले. आम्ही तिघंही हसलो. भाऊ तर डोळे पुसत हसला आणि मग हसता हसताच रडायला लागला. मी त्याला स्वयंपाकघरात नेऊन झापलं, त्यांच्यासमोर हे धंदे नकोत म्हणून. तो डबा मी माळ्यावर टाकला.

रोज सकाळी आठला वजन व्हायचं. माझ्याकडं साधा काचेचा वजनकाटा होता, पण बाबांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. आयुष्य काट्याजवळ काढलेला माणूस. ते आधी पाच किलो साखरेची न फोडलेली थैली त्यावर ठेवायला लावायचे. काटा पाच दाखवायचा, मग स्वतः चढायचे. पोट रिकामं, अंगात तोच पायजमा आणि तीच बंडी, आणि त्या दोन कपड्यांचं वजन पहिल्याच दिवशी वेगळं करून वजा केलेलं. मी कॅलेंडरवर लिहायचे. सत्तेचाळीस चारशे. सेहेचाळीस आठशे. सेहेचाळीस दोनशे. नवव्या दिवशी पंचेचाळीस नऊशे झालं. मी त्या दिवसापासून तीन ग्लासांचे चार केले. कुणाला विचारलं नाही.

अकराव्या दिवशी काटा सेहेचाळीस तीनशे म्हणाला.

मी ओरडलेच. आई हातातली कणीक तशीच घेऊन बाहेर आली. मी म्हटलं, "चारशे ग्रॅम वाढले! दोन दिवसांत!" आईनं तिथूनच देवाकडं हात जोडले. बाबा काट्यावरून उतरले, भिंतीला हात धरून उभे राहिले आणि म्हणाले, "थैली ठेव पुन्हा."

मी साखरेची थैली ठेवली. बरोबर पाच.

"काटा बरोबर हाय," बाबा म्हणाले. त्या आवाजात आनंद नव्हता, पण मला तेव्हा तो ऐकायचाच नव्हता. बाबा खाटेवर जाऊन बसले, पाय खाली सोडून.

मग वजन रोजच वाढायला लागलं. सत्तेचाळीस. सत्तेचाळीस सहाशे. अठ्ठेचाळीसच्या वर गेलं त्या दिवशी मी क्लासमधल्या पोट्ट्यांना एक टेस्ट माफ केली. ते बिचारे एकमेकांच्या तोंडाकडं पाहत राहिले, मॅमला काय झालं म्हणून. मी अकोल्याला फोन केला, तेल्हाऱ्याला काकूला फोन केला, नांदगाव खंडेश्वरच्या मावशीला फोन केला. सगळ्यांना एकच, "पावडर लागू पडली! मी म्हणत नव्हते?" मला फार बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, मला जिंकल्यासारखं वाटत होतं.

त्याच दिवसांत आणखी काही गोष्टी होत होत्या. त्या मला दिसत होत्या आणि प्रत्येकीचं उत्तर माझ्याकडं तयार होतं.

पावडरच्या डब्याचं झाकण आधी बाबा स्वतः उघडायचे. एक दिवस त्यांनी डबा माझ्याकडं सरकवला. "लय घट्ट लावतं व तू." मी घट्टच लावते, पावडरला ओल लागू नये म्हणून, त्यामुळं मला ते बरोबरच वाटलं. बंडीचं बटण आई लावून द्यायला लागली. तिला सवयच आहे सगळं पुढं पुढं करायची. चपलेचा पट्टा बाबांनी एक भोक ढिला केला, मग दुसरं. नवीन चप्पल घेऊ म्हटलं मी, ही आखडली असेल. पायजम्याची नाडी करकचते म्हणाले, तर मी आनंदानं टाळी वाजवली. पोट सुटायला लागलं होतं नं!

आई त्यांना आंघोळ घालायची. एका सकाळी ती टॉवेल खांद्यावर टाकून माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "तू म्हणतं वजन वाढलं. पण याइच्या खांद्यात तं खड्डे पडले व. पाणी टाकलं का त्यात थांबून राह्यते. दंड पाह्य, कसा काडीवानी झाला. मंग वाढलं ते गेलं कुठं?"

"काटा खोटं बोलतो का?" मी तिच्यावर खेकसले. "तुला काय कळतं त्यातलं?"

चौथी शिकलेली माझी आई टॉवेल वाळत घालायला गेली. चाळीस दिवस तीच त्या अंगाला रोज हात लावत होती, आणि मी तिला हे म्हणाले. आज आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

चौदाव्या दिवशी आहाराच्या मॅडमचा फोन आला. दहाव्या दिवशी दाखवायला न्यायचं होतं ना, ते मी आधी एका दिवसानं पुढं ढकललं, मग टाळलंच. वजन वाढतंय, मग उन्हातान्हात कशाला ओढत न्यायचं? मी तिला अभिमानानं आकडे वाचून दाखवले.

"इतकं भरभर?" ती म्हणाली. "मॅम, पायांवर सूज नाही ना? घोट्याजवळ? पोट टम्म वाटतं का? खुर्चीवरून आपले आपण उठतात ना?"

मी तेव्हा क्लासच्या जिन्यात उभी होते, हातात खडू, वर साठ पोट्टे गोंधळ घालत होते. मी बाबांचे पाय पाहिले नव्हते. पायजमा वर करून पाहायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. मी म्हटलं, "नाही हो, सूजबीज काही नाही. एकदम मस्त आहेत."

"बघितलंत ना नीट?"

"हो हो, बघितलं."

"ठीक आहे, फाइलमध्ये लिहून ठेवते. काही वाटलं तर मात्र लगेच आणा, थांबू नका."

फोन ठेवून मी वर गेले. त्या दिवशीचा पाठ मला अजून तोंडपाठ आहे. आहारातल्या प्रोटीनच्या अभावानं होणारे आजार. मी फळ्यावर एक मूल काढलं, हातपाय काड्यांचे, पोट नगाऱ्यासारखं. नेहमीसारखं ओरडून सांगितलं, की रक्तातलं प्रोटीन कमी झालं की रक्ताला पाणी धरून ठेवता येत नाही, ते बाहेर पाझरून मांसात साचतं, पाय सुजतात, पोट फुगतं. "आणि लक्षात ठेवा," मी म्हटलं, "असं मूल वरून भरलेलं दिसतं. गावाकडच्या बायांना वाटतं बाळानं बाळसं धरलं." पोट्टे हसले. मीही हसले. मग पर्स उचलून घरी आले, आणि कॅलेंडरवरचा त्या दिवशीचा आकडा आईला पुन्हा एकदा वाचून दाखवला.

विसाव्या दिवशी सकाळी काटा पन्नास सहाशे म्हणाला. दुसऱ्या दिवशी आम्हाला तिसऱ्या केमोसाठी जायचं होतं. मी पिशवी भरत होते. रिपोर्ट, चादर, डबा, पावडर. बाबांनी खाटेवरून हाक मारली.

"बाई, इकडं ये."

"थांबा बाबा, कामात आहे."

"ये म्हणलं नं."

बाबा असं कधी बोलत नाहीत. मी गेले. त्यांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर ओढला होता. पाय गुळगुळीत, चकाकणारे, घोट्याचं हाड कुठंच नाही. त्यांनी माझा हात धरला, माझा अंगठा आपल्या नडगीवर ठेवला. त्यांच्या बोटांत जोर नव्हता. "दाब," ते म्हणाले. "जोरानं दाब."

मी दाबलं आणि अंगठा काढला. तिथं खड्डा पडला. मी पाहत राहिले, तो भरला नाही.

"कापूस मुठीत दाबला नं, कोरडा असला का लगेच फुलते," बाबा म्हणाले. एखाद्या नव्या माणसाला काम समजावून सांगावं इतक्या शांतपणे. "ओला असला का दबूनच राह्यते. लोकं रस्त्यानं येता येता गाडीवर पाणी मारत, वजन वाढवाले. वरून माल असा झकास दिसे. पण कोपरापर्यंत हात घातला का समजे. हे वजन मायं नाही बाई. पाणी हाय हे."

माझ्या डोळ्यांसमोर तो फळा आला, ते नगाऱ्यासारखं पोट, हसणारे पोट्टे. मी वीस वर्षं ते चित्र काढत होते. मी खाली फरशीवर बसले आणि बाबांच्या दुसऱ्या पायावर दाबून पाहिलं, मग मांडीवर. खड्डे पडत गेले. आई दारात येऊन उभी राहिली.

"कधीपासून आहे हे?" मी विचारलं.

"झाले आठ-नऊ दिवस. पयल्या दिवशी वाढलं नं, तवाच दाबून पाह्यलं होतं मी."

"नऊ दिवस!" मी किंचाळलेच. "आणि सांगितलं काहून नाही? नऊ दिवस तुम्ही तसेच चढत राहिलात काट्यावर? मी येडी आहे का इथं? काहून नाही सांगितलं, बाबा?"

बाबांनी पायजमा खाली केला. तेवढं करूनही त्यांना दम लागला होता. मग म्हणाले, "तू फोन करून राह्यली होतीस साऱ्यायले. जेवाले लागली होतीस. महिनाभरानं धड जेवताना पाह्यलं तुले. म्हणलं, ऱ्हाऊ दे चार दिवस. चारचे आठ झाले."

मला रडू फुटलं नाही. राग आला. त्यांचा, माझा, त्या पावडरच्या डब्याचा. मी उठले, रिक्षा बोलावली आणि म्हटलं, आत्ताच्या आत्ता निघायचं, उद्याची वाट पाहायची नाही. बाबांना खाली उतरवताना शेजारचे दोघे आले. जिना एकोणीस पायऱ्यांचा आहे. दोन महिन्यांपूर्वी बाबा तो स्वतः चढून आले होते, हातात तेल्हाऱ्याहून आणलेली वांग्याची पिशवी घेऊन.

रिक्षात ते माझ्या खांद्याला टेकून बसले होते. अंगात ऊब नव्हती. राजापेठेच्या चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा त्यांनी डोळे न उघडताच म्हटलं, "तिथं मी बोलतो. तू बोलजो नको."

"काय बोलणार तुम्ही?"

"तू बोलजो नको फक्त."

डॉक्टरांनी पाय दाबले, पोटावर बोटं वाजवून पाहिली, खांद्याच्या खळीत हात घातला. मग बाबांना म्हणाले, खुर्चीवरून हात न टेकता उठा. बाबांनी प्रयत्न केला. ते पुढं झुकले, तोंड आवळलं, कपाळावर शीर उठली, पण खुर्चीतून चार बोटंही वर आले नाहीत. मी त्यांना धरायला पुढं झाले, तशी कोपऱ्यात उभ्या असलेल्या आहाराच्या मॅडमनं माझ्या मनगटावर हात ठेवला. बाबा पुन्हा तसेच मागं टेकले आणि हसल्यासारखं करत म्हणाले, "नाही जमत बा."

डॉक्टरांनी काट्यावरचा आकडा लिहिला आणि त्याच्याभोवती गोल काढला. "यातलं पाणी सोडलं तर बाबा बेचाळीसच्या आसपास असतील," ते म्हणाले. "कमीच. मांसात काही राहिलेलं नाही. तिसरी मी देऊ शकत नाही, मॅम. आता पाणी काढायचं, त्रास कमी करायचा, एवढंच पाहू. ऑपरेशनचं आपण सोडून देऊ."

बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहत होते. जणू दुसऱ्याच कुणाच्या गाडीचं बोलणं चाललं होतं.

"ही सूज सुरुवातीलाच हातात आली तर थोडीफार धडपड करता येते," डॉक्टर लिहिता लिहिता बोलले. "कधीपासून आहे?"

माझं तोंड उघडलं. मी खरं सांगणार होते की नाही, मला आजही माहीत नाही. त्याआधीच बाबा बोलले.

"काल सकाळपासून."

"नक्की?"

"हाव. काल उठलो तं पाय जड. परवा काहीच नव्हतं."

डॉक्टरांनी फाइलचं पान मागं उलटलं. आहाराच्या मॅडमनं पुढं होऊन बोट ठेवलं. "सर, मी चौदाव्या दिवशी फोन केला होता. मॅमनी बघून सांगितलं होतं, सूज नाही म्हणून. इथं लिहिलंय." तिनं माझ्याकडं पाहून मान हलवली, धीर दिल्यासारखी. मी टेबलाची कड धरली.

डॉक्टरांनी चष्मा काढला. थकलेला, भला माणूस. "मग तुमच्याकडून काही राहिलं नाही," ते म्हणाले. "लोक आठ-आठ दिवस घरी बसवून ठेवतात पेशंटला. तुम्ही दिसल्याबरोबर घेऊन आलात, फार बरं केलंत."

बाबा माझ्याकडं पाहत होते.

"हो," मी म्हटलं.